मुअल्लाच्या फोनवरून येणारी उत्तरं

मुअल्लाची आणि माझी ओळख चोरीतून झाली. चोर ती, माल माझा.

मी नुकतीच बुर्सा शहरातून या समुद्रकाठच्या वसाहतीत राहायला आले होते. जुलैची दुपार. व्हरांड्याच्या कठड्यावर वडिलांच्या वेळची एकच कुंडी होती, करड्या-गुलाबी जाड पानांची, उमललेल्या गुलाबासारखी दिसणारी. आतून पडद्याआडून पाहते तर एक भरदार बाई, पोहण्याच्या कपड्यांवर टॉवेल गुंडाळून, त्या कुंडीवर वाकलेली. तिनं दोन बोटांच्या चिमटीत एक पान धरलं, डावीकडे-उजवीकडे हळूच हलवलं, टचकन काढलं आणि टॉवेलच्या गाठीत खोचलं.

मी दार उघडून बाहेर आले. "मागितलं असतंत तर दिलं नसतं का मी?"

ती दचकलीसुद्धा नाही. "मागून आणलेलं पान रुजत नाही हो. चोरलेलंच रुजतं. माझी आई सांगायची, तिला तिची आई सांगायची. तुम्ही जरा आत जा बघू, मला अजून एक चोरायचंय."

मी खरंच आत गेले. आणि चहा टाकला.

आमच्या वसाहतीत चौसष्ट घरं. पुढे समुद्र, मागे ऑलिव्हच्या बागा. जुलै-ऑगस्टमध्ये पाय ठेवायला जागा नसते. ऑक्टोबर लागला की एकेक खिडकी बंद होत जाते आणि नोव्हेंबरात दोनच धुराडी पेटलेली उरतात. एक माझं, दुसरं फाटकाजवळच्या खोलीतलं, रखवालदार दुर्मुशचं. बुर्साची आमची इमारत भूकंपाच्या धोक्यामुळे पाडायला काढली, तेव्हा दोन वर्षांसाठी म्हणून मी इथे आले. इमारत काही उभी राहिली नाही. मी राहिले. लग्न केलेलं नव्हतं, आईवडील गेलेले, भाऊ जर्मनीत. मी अमुक ठिकाणी असायला हवं असं वाटणारं कुणी उरलं नव्हतं.

एकतीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. आधी हातानं तारा जोडायच्या, पुढे लोकांना नंबर शोधून द्यायचे. या हातांनी कधी काही उगवलं नव्हतं. मुअल्लानं शिकवलं. तिचं घर एक्केचाळीस नंबरचं. नवरा लष्करात सुभेदार होता, तो जाऊन बरीच वर्षं झालेली. हिवाळा ती अंकाराला काढायची, मुलगी सेरपिल राहते त्याच इमारतीत.

"पान देठाशी पूर्ण सुटलं पाहिजे," ती म्हणायची. "अर्धं तुटलं की टाकून दे, ते आता फक्त सडणार. सुटलेलं पान सावलीत ठेव चार-पाच दिवस. जखम सुकू दे. मग वाळू घातलेल्या मातीवर नुसतं ठेवून दे. पुरू नकोस गं! मेलेलं आहे का ते, पुरायला? आणि मग विसरून जा."

"विसरून जा म्हणजे?"

"म्हणजे दिवसातून दहा वेळा उचलून मुळं आली का बघू नकोस. तुझी तीच तर खोड आहे."

दह्याचे रिकामे डबे, पांढऱ्या चीजचे पत्र्याचे डबे, अंड्यांचे ट्रे, सगळ्यांत आमची पानं मांडलेली असायची. आधी पानाच्या टोकाशी केसाएवढं गुलाबी मूळ दिसायचं, मग वाटाण्याएवढं रोप, आणि रोप मोठं होईल तसतसं मूळचं पान सुरकुतत जाऊन शेवटी वाळक्या सालीसारखं गळून पडायचं. मुअल्ला प्रत्येक जातीला नाव ठेवायची. ताठ, टोकदार पानांची ती 'मुख्याध्यापिका'. गोबऱ्या पानांची, जरा धक्का लागला की पानं सांडणारी ती 'भाची'. सहा उन्हाळे असे गेले. पोहणं, चहा, पानं, आणि वसाहतीतल्या प्रत्येकाची निंदा.

हिवाळ्यात आम्ही मेसेज करायचो. दर रविवारी मी ट्रेंचा फोटो पाठवायचे आणि तिचं उत्तर यायचं, एका श्वासात लिहिलेलं, ना स्वल्पविराम ना पूर्णविराम:

"अगं नेझाहत पाणी घातलंस ना खरं सांग फोटोत माती काळी दिसते तू काय त्यांना पोहायला शिकवतेस का आणि भाचीला खिडकीपासून लांब ठेव तिला थंडी बाधते अगदी माझ्या नणंदेसारखी"

मी ते मोठ्यानं वाचायचे. घरात दुसरा आवाज नसायचा, म्हणून.

गेल्या वर्षी डिसेंबरात तिचे मेसेज एकदम थांबले. नऊ दिवस काही नाही. मी एक फोटो पाठवून ठेवला होता, बारा पानं, बाराही पानांना मुळं फुटलेली. खाली लिहिलं होतं, 'बघ तुझी नातवंडं.' दहाव्या दिवशी उत्तर आलं:

"थोडं आजारपण होतं. आता बरं आहे. रोपं छान दिसत आहेत."

मी लगेच फोन लावला. उचलला नाही. थोड्या वेळानं मेसेज आला, "घसा बसला आहे. डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे."

मी एकटीच हसले. मुअल्लाला बोलायला मनाई! त्या डॉक्टरला पदक द्यायला हवं, असं मी तिला लिहिलं. ती एरवी यावर पानभर भांडली असती. उत्तर आलं, "हो." मला वाटलं, अशक्त झाली आहे बिचारी.

जानेवारीभर पाऊस आणि वारा. दुर्मुश दोन दिवसांतून एकदा भाकरी-पाव घेऊन यायचा, चिखलाचे बूट म्हणून दारातच उभा राहायचा.

"मावशी, आज किती माणसांशी बोललात?"

"तुला धरून एक."

"मग बरोबरी झाली. तुम्हाला धरून माझाही आकडा एक." असं म्हणून तो चहाचा ग्लास संपवायचा आणि जायचा. आठ महिन्यांपूर्वी त्याची बायको माहेरी निघून गेली होती. त्याबद्दल तो बोलायचा नाही, मीही विचारायचे नाही.

रविवार मात्र नेमाचा होता. फोटो पाठवायचा, उत्तराची वाट बघायची. उत्तरं छोटी असायची, पण यायची. कधीकधी प्रश्नही असायचे, आणि प्रश्न चमत्कारिक. "पान मातीवर ठेवल्यावर किती दिवसांनी मूळ येतं?" हे तिनंच मला शिकवलं होतं की! मी लिहिलं, 'परीक्षा घेतेस होय माझी?' आणि तरी उत्तर दिलं.

फेब्रुवारीत दक्षिणेचा वारा सुटला. चार दिवस. तो वारा सुटला की धुराडं उलटं ओढतं आणि शेगडीचा धूर घरात शिरतो, म्हणून शेगडी विझवून बसावं लागतं. वीज गेली होती. स्वयंपाकघराची खिडकी धाडकन उघडली आणि चाळीस पानांचा ट्रे खाली पडला. मी गुडघ्यांवर बसून एकेक पान वेचलं. त्यातच ताप भरला. दोन रजया घेऊन दुपारभर पडून होते, आणि का कुणास ठाऊक, मुअल्लाला मी एक गोष्ट लिहिली. ती मी आयुष्यात कुणाला सांगितलेली नव्हती.

मी पंचवीस वर्षांची होते तेव्हाची. दूर पूर्वेकडच्या एर्झुरुम शहराचा कॉल जोडायचा असला की तिकडून एक ऑपरेटर बोलायचा. "एर्झुरुम ऐकतंय." दोन कॉलच्या मध्ये अर्धं मिनिट मिळायचं. "बुर्सा, तुमच्याकडे बर्फ पडलाय का?" "नाही, पाऊस आहे." "आमच्याकडे छपराला लागलाय." एवढंच. चार वर्षं. मी केस धुवून, इस्त्रीचा ब्लाउज घालून पाळीवर जायचे, जसं काही तो मला तारेतून बघणार होता. एक दिवस तिकडून दुसराच आवाज आला. मी नाव विचारलं नव्हतं कधी, मग चौकशी तरी कुणाची करणार?

हे सगळं मी लिहिलं, पाठवलं आणि लाजून फोन उशीखाली ठेवला.

दोन तासांनी उत्तर आलं. "मला सांगितलंत ते बरं केलंत. मी हे कोणालाही सांगणार नाही."

'सांगितलंत.' सहा वर्षांत मुअल्लानं मला चोरीच्या त्या पहिल्या दिवशीच काय ते 'तुम्ही' म्हटलं होतं. शिवाय तिनं मला सोलून काढलं असतं. 'मूर्ख कुठली नाव तरी विचारायचंस इस्त्रीचा ब्लाउज म्हणे' असं काहीतरी. मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. एकतीस वर्षं मी लोकांच्या नुसत्या श्वासावरून ओळखत आले, कोण भांडून फोन करतंय आणि कोण रडून; मला हे कळायला हवं होतं. पण लिहिलेल्याला श्वास नसतो. मी फोनलाच दोष दिला. हल्ली फोन आपल्या मनानं शब्द बदलतात. खरं सांगायचं तर मला जास्त विचार करायचा नव्हता. उत्तर आलं होतं ना.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एक्केचाळीस नंबरसमोर गाडी थांबली. मी खिडकीतून सेरपिलची गाडी ओळखली आणि तशीच घरातल्या सपाता घालून निघाले. हातात सोळा रोपांचा ट्रे. मुअल्लासाठी बाजूला काढून ठेवलेली, एकेक अक्रोडाएवढी झालेली रोपं.

सेरपिल गाडीतून रिकामी खोकी काढत होती. पन्नाशीची बाई, उन्हाळ्यात आठवडाभर यायची आणि तेव्हाही मांडीवर कॉम्प्युटर घेऊन बसायची. आम्ही दोघी कधी चार वाक्यांपलीकडे बोललो नव्हतो.

"कुठे आहे ती? गाडीत झोपली की काय?" मी वाकून मागच्या सीटवर पाहिलं.

"नेझाहत मावशी, आत बसू या का?"

"बसू गं. आधी तिला उठव."

सेरपिलनं खोकं खाली ठेवलं. "मावशी, आई गेली. डिसेंबरमध्ये. चौदा तारखेला. झोपेतच गेली."

माझ्या तोंडून निघालं, "काहीतरीच काय. परवा रविवारी तर तिनं मला लिहिलंय."

सेरपिल खाली बघत राहिली. "ते मी लिहिलं."

मी ट्रे गाडीच्या टपावर ठेवला, हातातून पडेल म्हणून. आम्ही पायरीवर बसलो.

"दफन झालं, तीन दिवस लोक येत होते," ती म्हणाली. "मग सगळे गेले. आईचा फोन माझ्या टेबलावर होता. तो वाजला आणि तुमचा फोटो आला. बारा पानं. 'बघ तुझी नातवंडं.' मी तुम्हाला कळवायलाच फोन उचलला होता, देवाशपथ. 'आई' एवढं लिहिलं आणि पुढचा शब्द लिहवेना. म्हणून मग दुसरंच काहीतरी लिहिलं."

"आणि पुढचा रविवार? त्याच्या पुढचा?"

"दर रविवारी ठरवायचे, आज सांगायचं. मग फोटो यायचा. तुम्ही तिला शिव्या घातलेल्या असायच्या, थट्टा केलेली असायची. तिच्याशी अजून कुणीतरी असं बोलतंय, हे मला... मला ते बंद करवेना."

"घसा बसलाय म्हणालीस."

"हो."

"मी त्या डॉक्टरला पदक द्या म्हटलं. मातीत गेलेल्या बाईची मी थट्टा करत बसले होते पाच महिने. तिच्या जनाज्याला आले नाही. तिच्या नावानं फातिहाची एक प्रार्थना म्हटली नाही. आणि तू माझी एर्झुरुमची गोष्ट वाचलीस."

"वाचली."

"ती तुझ्यासाठी नव्हती."

"माहीत आहे, मावशी. ती वाचून मी स्वयंपाकघरात बसून रडले. मला..."

"तू रडलीस!" मी उठले. "तुला रडायला मिळालं डिसेंबरातच. माझं काय?"

मी ट्रे तसाच टपावर सोडून घरी आले.

दार लावून मी फोन काढला आणि मागे मागे जात राहिले. मला एवढंच शोधायचं होतं की तिचा शेवटचा मेसेज कुठला. अकरा डिसेंबर. "आज तिकडे थंडी पडणार आहे टीव्हीवर दाखवलं भाचीला आत घे आणि तूपण टोपी घाल नुसती रोपांचीच काळजी करू नकोस". त्यावर मी काय उत्तर दिलं होतं ते पाहिलं. अंगठा. नुसता अंगठा पाठवला होता मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हलवा केला. आमच्याकडे माणूस गेलं की घरचे लोक रव्याचा हलवा करतात आणि दारोदार वाटतात. लोण्यावर रवा आणि चिलगोजे परतत राहायचे, हात भरून आला तरी थांबायचं नाही, आणि परतताना गेलेल्यासाठी मनात म्हणत राहायचं. घरच्यांनी करायचा असतो. मी घरची नव्हते. केला तरी.

मे महिना, त्यामुळे चौसष्टांपैकी चारच घरं उघडलेली. मी थाळ्या घेऊन निघाले. सात नंबरच्या बाई दारात आल्या. "अरे देवा, कोण गेलं?"

"मुअल्ला. एक्केचाळीस नंबर."

"आई गं! कधी?"

"डिसेंबरात."

त्यांनी हलव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "डिसेंबरात... आणि हलवा आता?"

"मला काल कळलं."

"बरं केलंत," म्हणाल्या आणि थाळी घेतली. बाकीच्या घरांतही असंच झालं. सगळे मुअल्लाबद्दल हळहळले, सेरपिलला भेटायला जायला हवं म्हणाले.

शेवटी फाटकापाशी गेले. दुर्मुश नळ दुरुस्त करत होता. त्याला सांगितलं. त्यानं पाना खाली ठेवला, डोक्यावरची टोपी काढली, ओले हात पँटला पुसले आणि म्हणाला, "देव तुम्हाला धीर देवो, मावशी. तुमचं माणूस गेलं."

तेव्हा मला रडू आलं. उभ्या उभ्या, फाटकात, आवाज करून. तो एका हातात हलव्याची थाळी आणि दुसऱ्या हातात टोपी घेऊन गोंधळून उभा राहिला. मग म्हणाला, "थांबा, खुर्ची आणतो." खुर्ची आणली, मला बसवलं, आणि स्वतः पाठमोरा होऊन नळाशी खुडबुड करत बसला, माझं होईपर्यंत.

एक थाळी उरली होती. ती घेऊन मी एक्केचाळीसमध्ये गेले. पडदे उतरवलेले, भांडी कागदात गुंडाळलेली. सेरपिलनं उभ्यानंच हलवा खाल्ला, थाळी संपेपर्यंत. माझा ट्रे तिनं आत आणून सावलीत ठेवला होता. मग तिनं स्वतःच्या फोनवर एक फोटो दाखवला. अंकाराच्या ऑफिसातली खिडकी, कागदी कपांच्या झाकणांवर मांडलेली वीसेक पानं. सगळी काळी पडलेली.

"तुम्ही आईला लिहायचात तसंच करत होते मी. एकही जगलं नाही."

"तोडल्यावर जखम सुकू दिलीस?"

"कसली जखम?"

"मी लिहायचे ते मुअल्लाला," मी म्हटलं. "तिला अर्धं आधीच माहीत होतं. म्हणून मी उरलेलं अर्धंच लिहायचे."

तिनं माफी मागितली नाही, आणि मागितली असती तर मी दिली असती असं मला वाटत नाही. पण तिच्या आईची मोठी कुंडी व्हरांड्यात होती, हिवाळाभर मी सांभाळलेली, आणि ती गाडीत मावणार नव्हती. मी त्या कुंडीतली बारा पानं काढली, देठाशी पूर्ण सुटलेली, आणि वर्तमानपत्रात गुंडाळली. एका कागदावर पेनानं सगळं लिहून दिलं, मुअल्लाच्या वाटणीचं अर्धंसुद्धा. कागदाच्या दोन्ही बाजू लागल्या.

"तिचा तो नंबर बंद कर आता," मी म्हटलं.

"करते."

संध्याकाळी ती गेली. घर जूनमध्ये बालिकेसिरच्या एका जोडप्यानं घेतलं. चांगली माणसं आहेत, समुद्राला घाबरतात.

सेरपिल गेली त्यानंतरच्या रविवारी फोटोची वेळ झाली तेव्हा मी किनाऱ्यावर गेले. पाणी अजून गार होतं. घोट्यापर्यंत पाण्यात थोडा वेळ उभी राहिले. माझ्याशिवाय तिथे दोन कुत्री होती.

जुलैच्या मध्यावर, वसाहत पोरांच्या आरड्याओरड्यानं भरलेली असताना, एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला. "मी सेरपिल. बारापैकी तीन रुजली."

मी लिहिलं, "पहिल्या वेळेला बारात तीन म्हणजे चांगलं आहे."

तिनं ते वाचलं. पुढे काही लिहिलं नाही. मीही लिहिलं नाही.